अर्धी गोळी

अहो,

औषधाच्या दुकानात आज गोळ्या आल्यात म्हणे, रांगेत उभी राहायला जातेय. मास्क लावलाय. मागोमाग येऊ नका, साथीत तुम्हाला घराबाहेर सोडायचं नाही असं डॉक्टरांनी मला बजावलंय.

चहा गाळून ठेवलाय. प्रेशरची गोळी बशीत आहे, ती अख्खी घ्या. दुकानात गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हापासून तुम्ही अर्धीच गिळताय. वरच्या मजल्यावरच्या बाई भाजीसाठी दोरीने पिशवी सोडतात, त्यात उरलेली अर्धी कागदात गुंडाळून वर जाते. मी म्हातारी झालेय, आंधळी नाही. दोघांची गोळीसुद्धा एकच निघाली, काय तो योग.

त्यांचा एवढा पुळका आलाय, तर त्यांच्यासाठीही एक पाकीट आणते. पण पिशवीत ते मी टाकणार. उपकार व्हायचेच असतील तर माझे होऊ देत. तुम्ही गॅलरीत यायचं काही कारण नाही.

त्यांच्या गोळ्या संपल्या हे तुम्हाला एक मजला खालून कळलं. माझ्या शुगरच्या गोळ्या संपून आठवडा झाला. आपण रोज एकाच टेबलावर जेवतो.