हुकावरचं कुंकू

मंगळवार, एप्रिल अखेर. दिवेलागण.

नेकनूरच्या मिस्त्रीनं पिकपला मागे हूक जोडला, स्प्रिंगचे पाटेही वाढवले. उद्यापासून वस्त्यांना पाणी द्यायला दूधसंस्थेची चाकांवरची टाकी आमची गाडी ओढणार. मी हुकाला हळदीकुंकू लावलं.

सासरे बाजेवरून बघत होते. कारखान्यावर जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस. ह्यांना म्हणाले, "वढायचं लई केलंस बे. थांबवायचं काय?"

"ब्रेक नवे टाकलेत, आबा."

"गाडीला. टाकीला कुठं हायेत? भरली टाकी गप बसती. अर्धी झाली की उतारावर पाणी मागून धक्के देतं."

"तुमी उगं हिला भेव घालता." हे हसले.

मला हसू आलं नाही. माझ्या माहेरची वस्ती घाटाच्या माथ्यावर आहे. पहिलं पाणी तिथं द्या, हा हट्ट माझाच. म्हणजे घाट उतरताना टाकी अर्धी. अर्धी मीच करतेय.

मग ह्यांना म्हणून पाहिलं, "आधी खालच्या वस्त्यांना द्या. वर येताना आईला."

"आता कावून? चार दिवस तूच मागं लागलीस. आईंना जबान दिलीय मी."

पुन्हा बाहेर जाऊन हूक पाहिला. कुंकू तेलकट काळ्यात उतरलं होतं, नको तसं दिसत होतं. पुसावं तर तेही अशुभ.

शेवटी आईलाच फोन लावला, उद्या पाणी घेऊ नकोस म्हणायला. माझ्या आधी तीच बोलली, "टिपाडं राखेनं घासून रस्त्याला मांडली बाई. जावई जेवायला थांबतील न्हवं?"

मी हो म्हणाले.