खडू कुणाच्या हातात

बाई, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, तरी आज शाळा सुटल्यावर आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. या पत्राला पत्ता नाही. नसू दे.

तुम्ही आटपाडीकडच्या आमच्या शाळेत आलात तेव्हा मी सातवीत. सर वर्गाबाहेर गेले की मॉनिटर पोरगी बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. कारखान्याच्या चेअरमनचा पुतण्या मागं बसून गाणी म्हणायचा, त्याचं नाव कधी आलं नाही. माझं मात्र रोज! मेंढरांमागून आलेली मी, बोलले की हसतात म्हणून तोंडच उघडत नव्हते. तरी छडी मलाच. शेवटी आबांना सांगून टाकलं, "म्या न्हाई जायाची आता शाळंला. मेंढरं राखीन." आबा म्हणाले, "आजचा दिस जा."

त्याच दिवशी तुमचा पहिला तास. तुम्ही फळा वाचलात आणि विचारलंत, "हिला बोलताना कुणी ऐकलं?" एकही हात वर झाला नाही. तुम्ही खडू माझ्या हातात दिलात आणि बाहेर गेलात. काय सांगू बाई, मी पहिलं नाव मॉनिटरचंच लिहिलं. ती बिचारी हाताची घडी घालून गप्प बसली होती. तुम्ही परत येऊन बघितलंत. रागावला नाहीत.

"बरं वाटलं?"

"लय."

"ती बोलली होती का गं?"

"न्हाई."

"मग हे नाव तू लिहिलंस, की हातात खडू आला म्हणून लिहिलं गेलं?"

मला उत्तर आलं नाही. पण त्या प्रश्नापायी दुसऱ्या दिवशीही आले, आणि येतच राहिले. आज मीही बाई झाले ती तुमच्यामुळं. तुमचे उपकार काही फिटायचे नाहीत.

आज कराडजवळच्या माझ्या शाळेत नववीला 'सत्ता' शिकवत होते. पोरं घोकल्यासारखी सांगत होती, सरपंच, आमदार, चेअरमन. मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं, मग तुमच्यासारखाच एका पोरीला खडू दिला. म्हटलं, तासाला बोलणाऱ्यांची नावं लिही. तिनं एकच लिहिलं, 'बाई'.

"आवं बाई, मघापासनं तुमीच बोलताय की. आमाला बोलूच दिलं न्हाई."

वर्ग खो खो हसला. मला सणकून राग आला, नाव पुसायला डस्टर उचललंसुद्धा. मग तुम्ही आठवलात. डस्टर ठेवलं आणि गप्प खुर्चीत बसले. आणि पोरं काय बोलायला लागली म्हणून सांगू! ऊसतोड आधी कुणाच्या रानात येते, घरात रिमोट कुणाकडं असतो, आई सगळ्यांच्या मागनं का जेवते. असा तास माझ्या उभ्या नोकरीत झाला नव्हता.

नाव फळ्यावर तसंच ठेवलं, असं तुम्हाला मिरवून सांगणार होते. पण खरं सांगते. हेडमास्तर दारात आले तशी मी झटकन उठून फळ्यापुढं उभी राहिले, नाव पाठीआड करून. ते गेले. ती पोरगी माझ्याकडंच बघत होती. उद्या ती विचारणार, "बाई, का झाकलंत?" आणि बाई, याही वेळी मला उत्तर येत नाही.