हात पोहोचेल इतक्या उंचीवर

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका, राहणार याच घरात, माझ्या मागे काय कोणाला जावे हे लिहून ठेवत आहे. माझे पूर्ण नाव वकिलांनी सोबतच्या शिक्क्याच्या कागदावर घातले आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही. डोके ठिकाणावर आहे. कान थोडे कमी झालेत, गुडघे गेलेत, पण सही करायला गुडघे लागत नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून कागद पुढे सरकवलेला नाही. वकिलांचा मसुदा चांगला होता, पण तो वाचून ही बाई कोण हे मलाच कळेना. म्हणून माझ्या हाताने लिहिते आहे.

याआधी मी आणि माझे पती यांनी मिळून केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते त्यांनी लिहिले होते आणि मी कामावरून येऊन, चप्पल न काढता, त्यावर सही केली होती.

१. राहते घर. घर आमच्या जोडनावाने होते, पतींच्या पश्चात माझ्या एकटीचे झाले. राहत्या खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची माझ्या मुलाला मिळावी. एकुलता एक आहे, त्याचा हक्क मी नाकारत नाही. गॅरेज मात्र या कलमात येत नाही.

२. गाडी. पतींची गाडी मुलाला द्यावी. बॉनेटवर एक लांब ओरखडा आहे, त्यासकट द्यावी. तो कसा पडला याची गोष्ट मुलाने वडिलांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली आहे. खरी गोष्ट पुढच्या कलमात आहे.

३. गॅरेज. शटर, त्याची किल्ली, आतल्या भिंती आणि रस्त्यापर्यंतची वाट हे सगळे मी माझ्या सूनबाईला, तिच्या एकटीच्या मालकीने देते. मुलाचा त्यात वाटा नाही. त्याला ते मनाला लागेल, म्हणून कारण लिहिते.

नोकरी लागली त्या वर्षी मी काळी सायकल घेतली. बाळंतिणींना घरी जाऊन तपासायचे, म्हाताऱ्यांच्या पट्ट्या बदलायच्या, असे माझे काम. सायकलीवाचून ते झालेच नसते. लग्नानंतर काही वर्षांनी गिअरची निळी सायकल घेतली, ती मात्र निव्वळ हौसेने. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत माझी एक मैत्रीण होती. पाय जमिनीला लागायचे नाहीत म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी पहाटे निघायचो आणि ऊन चढायच्या आत परत यायचो. एवढे एक सुख मला माझे स्वतःचे असे होते.

मग गाडी आली. गाडी आत घेतली की गॅरेजात माणूस आडवा होऊन शिरायचा. माझे पती हुशार होते, म्हणाले, भिंत मोकळी आहे, तिचा उपयोग करू. एका रविवारी त्यांनी भिंतीला भोके पाडून लोखंडी आकडे ठोकले आणि माझ्या दोन्ही सायकली आणि त्यांची एक, जी त्यांनी कधी चालवली नाही, अशा तिन्ही पुढच्या चाकाने उभ्या टांगल्या. स्क्रू मीच हातात देत होते. काम नेटके झाले होते, खोटे कशाला बोलू. पण पती उंच होते आणि आकडे त्यांच्या मापाचे होते.

मी म्हटले, "अहो, माझा हात नाही पोहोचत."

"मी आहे ना. लागली की सांग, काढून देतो."

"थोडे खाली घेतले तर?"

"गाडीचं दार लागेल हँडलला."

ते खरेच होते. दार लागलेच असते. आमच्या घरात जे जे झाले त्याला असे एक खरे कारण असायचेच.

त्या दिवसापासून सायकल काढायची तर मागावी लागायची. पहाटे ते झोपलेले असायचे, संध्याकाळी दमून आलेले. बरे, काढून द्यायला कधी नाही म्हणाले नाहीत. फक्त विचारायचे, "आज कुठे?" मी म्हणायचे, सहजच. "सहज म्हणजे?" सहज म्हणजे काय हे मला सांगता यायचे नाही. दवाखान्यात जायला ते गाडीतून सोडू लागले, फिरतीचे काम दुसरीकडे गेले, आणि टायरांचे काळे अर्धगोल भिंतीवर तेवढे उमटत राहिले. सायकल चालवू नकोस असे त्यांनी जन्मात म्हटले नाही. म्हटले असते तर मी भांडले असते, आणि भांडणात मी कोणाला ऐकणारी नव्हते. पण भिंतीतल्या आकड्याशी कोण भांडणार?

आता ओरखडा. भिंगरीने आणि मी दीपगृहापर्यंत जायचे ठरवले होते. जाऊन-येऊन पूर्ण दिवसाची वाट. तिने पुलापाशी थांबायचे आणि मी तिथे पोहोचायचे. आदल्या दिवशी मी पतींना सांगितले होते. सकाळी उठून बघते तर हे न्हाव्याकडे गेलेले. मी वाट पाहिली, मग स्टूल आणले आणि सायकल एकटीने उचलली. चाक आकड्यातून सुटले तशी ती माझ्यासकट गाडीवर आली. पायडलने बॉनेट सोलले, माझे मनगट मुरगळले.

तेवढ्यात ते आले. गाडीकडे बघितले, मग माझ्याकडे. ओरडले नाहीत. मला बसवले, पाणी दिले आणि म्हणाले, "तू पडून राहा. मी पुलापर्यंत जाऊन तिला सांगून येतो." माणूस किती समजूतदार आहे असे मला वाटले, हेही लिहून ठेवते.

भिंगरी त्यानंतर आली नाही. त्याच सुमारास तिची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात झाली. मनगट कसे आहे हे विचारायलाही फिरकली नाही म्हणून मी तिच्याबद्दल मनात अढी धरली. इकडे यजमानांनी तिन्ही सायकलींतून साखळी ओवून कुलूप लावले, चोरांची भीती म्हणून. आणि घरी कोणी पाहुणे आले की चहाबरोबर ते ही गोष्ट सांगत, "आमच्या हिने सायकल घेऊन गाडीवर चाल केली." सगळे हसायचे. मीही हसायचे. हसले नसते तर चिडकी ठरले असते.

पुढे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मी त्यांचे सगळे केले. पाण्याचा पेला, चष्मा, घंटी, जे लागेल ते त्यांच्या चांगल्या हाताला लागेल असे ठेवले. एकदाही टीचभर लांब ठेवले नाही. मनात आले होते, एकदा नव्हे. पण मी परिचारिका आहे, रुग्णाशी वैर धरत नाही. वैर नवऱ्याशी होते, ते तसेच राहिले.

ते गेल्यावर कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला बोलावून साखळी कापून घेतली. तो सायकलीही दुरुस्त करतो. माझ्या दोन्ही सायकली खाली आल्या तेव्हा टायरांचे रबर हाताला चिकटत होते आणि ब्रेकच्या तारा गंजून आखडल्या होत्या. कुलूपवाला म्हणाला, "काकू, दुरुस्त होतील. पण तुम्ही चालवणार का?" मी म्हटले, आधी दुरुस्त कर, मग बघू. आणि जुने आकडे वर तसेच ठेवून नवे माझ्या कमरेच्या उंचीवर बसवून घेतले.

मुलगा सुट्टीला आला तेव्हा त्याने हे पाहिले.

"आई, असं काय केलंस? गाडी आत कशी घ्यायची?"

"गाडी अंगणात राहू दे. मला चालवता येत नाही."

"आणि सायकल येते? या वयात पडलीस तर?"

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन परत येईपर्यंत त्याने सायकली पुन्हा वरच्या आकड्यांवर टांगल्या होत्या आणि गाडी आत घातली होती. घामाघूम झाला होता आणि खुश होता. म्हणाला, "मी आहे ना. आलो की काढून देत जाईन." तो वर्षातून फार तर दोनदा येतो. तो दुष्ट नाही. त्याचे माझ्यावर प्रेम आहे. त्याच्या वडिलांचेही होते म्हणतात.

तो गेल्यावर मी कुलूपवाल्याला पुन्हा बोलावले. गाडी ढकलून अंगणात काढली आणि माझ्या सायकली पुन्हा खाली आल्या. त्याने पैसे घ्यायला का-कू केली, ते मी चालू दिले नाही.

त्यानंतर मी मुलाच्या घरी राहायला गेले. सूनबाई लग्नाआधी इमारतींचे नकाशे काढायची. हात फार सफाईचा. तिचा नकाशे काढायचा मोठा लाकडी फळा कपाटाच्या वर, छताला टेकून ठेवलेला दिसला. त्यावर धूळ होती.

मी विचारले, "हा वर कोणी ठेवला?"

"यांनीच. खाली जागा अडते ना, आई. लागला की काढून देतात."

"आणि लागतो का?"

ती भाजी निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "आता मागायचाच कंटाळा येतो."

म्हणून गॅरेज तिचे. त्यात उजेड चांगला येतो आणि फळा उभा करायला आकड्यांसमोरची भिंत मोकळी आहे. अट एकच. या गॅरेजच्या भिंतीला यापुढे जे काही टांगले जाईल ते तिच्या हाताला, टाचा न उचलता, लागेल इतक्याच उंचीवर असावे. वकील म्हणाले, अशी अट कोर्टात टिकायची नाही. मी म्हटले, कोर्टात कोण जाणार आहे, मुलाला वाचता येते तेवढे पुरे.

४. बँकेतली शिल्लक व दागिने मुलगा आणि सून यांनी निम्मे निम्मे घ्यावेत, आणि तिचा अर्धा भाग तिच्याच खात्यात जावा.

५. सायकली. काळी सायकल कुलूपवाल्याच्या मुलीला द्यावी. ती कामाला पायी जाते. पतींची सायकल वरच्या आकड्यावर आहे तशी राहू द्यावी. ती काढून घेण्याची आजवर कोणालाच गरज पडली नाही.

निळी सायकल कोणाला, यावर बरेच अडले. मागच्या पावसाळ्यात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे दोघींना नीट दिसत नव्हते. आवाजावरून ओळखले, भिंगरी होती. थोडा वेळ हवापाण्याचे बोलणे झाले. मग मी विचारले, "माझं मनगट मोडलं का राहिलं, हे तरी विचारायचंस."

ती म्हणाली, "मनगटाला काय झालं होतं?"

पुलावर माझ्या पतींनी तिला मनगटाचे सांगितलेच नव्हते. ते म्हणाले होते, "ती सायकल सोडतेय. तुला तोंडावर सांगायला संकोच वाटतो तिला. तू पुन्हा विषय काढू नकोस, अवघडतं तिला." भिंगरीने तो शब्द पाळला. मला अवघडू नये म्हणून इतकी वर्षे ती कधी या बाजूला आली तरी माझ्या दारावरून गेली आणि थांबली नाही.

हे मला कळले तेव्हा ते जाऊन वर्ष झाले होते. भांडायला माणूस उरला नव्हता. तेव्हा हे लिहायला घेतले.

आता ती येत असते. तिचे गुडघे अजून धड आहेत, ती सायकलवरून येते. मी निळी सायकल हातात धरून तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालते. लोकांना वाटते, ही म्हातारी आता बसेल. मी बसत नाही. बसता येत नाही. जी वर्षे बसता येत होते ती भिंतीवर गेली, आणि ती कोणाच्या नावे करून देण्यासारखी उरली नाहीत.

निळी सायकल तुझ्या नावाने लिहिते आणि साक्षही तुझीच घेते, असे मी भिंगरीला म्हटले. वकील म्हणाले, त्या साक्षीदार असतील तर त्यांना काही देता येणार नाही, दोन्हीपैकी एकच. भिंगरीने फार विचार केला नाही. म्हणाली, "सायकल माझ्याकडे आहे. मला साक्षीला घे. माझ्या नावाने दुसऱ्याने बोललेलं एकदा पुरे झालं." तेव्हा निळी सायकलही सूनबाईला. चालवायची की विकायची हे कोणाला न विचारता तिने ठरवावे.

६. या कागदाची अंमलबजावणी वकिलांनी करावी. मुलाने हा कागद पहिल्यांदा एकट्याने वाचावा. आईला कोणीतरी फितवले असे तो म्हणेल. कोणी फितवले असते तर बरे झाले असते, हे पूर्वीच लिहून झाले असते.

ठिकाण: राहत्या घराचे गॅरेज, शटर उघडे.
दिवस: रविवार, सकाळ, तारीख शिक्क्यावर आहे ती.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिले: डोळ्यांच्या दवाखान्यातले डॉक्टर. बाईंना समोरचे वाचता येते आणि वाचलेले समजते, याची खात्री मी करून घेतली आहे. सही.

साक्षीदार दुसरी: प्रयोगशाळेतून निवृत्त, हिची मैत्रीण. हिने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. ती पूर्ण शुद्धीत होती आणि पूर्ण रागात होती. दोन्ही मी पाहिले आहे आणि दोन्हींची साक्ष देते. सही.