झाडू आणि मेडशीचा काटा

१० जून, मंगळवार
झाडू चालला! माझा प्रोग्रॅम, पायथन भाषेत दोनशे ओळी. तीन आठवडे डोकं खाल्लं, पण चालला एकदाचा.
कंपनीच्या सर्व्हरवर त्रेचाळीस मॉड्यूल, म्हणजे जोडभाग, लावून ठेवलेली. इतकी कशाला लागतात कोणाला? शेतमाल घेणारी कंपनी आपली, मालेगावात दोन खोल्यांचं ऑफिस. आता झाडू गेल्या चाळीस दिवसांच्या नोंदी वाचतो, ज्या मॉड्यूलला कोणी हातच लावला नाही ते बंद करतो आणि कोणी, कधी, काय बंद केलं ते आपल्या फाईलीत टिपतो. एकोणीस बंद. साइट फुर्रकन उघडली.
साहेब खूश. रहीमचाचा नाहीत. हा सर्व्हर बारा वर्षांपूर्वी त्यांनीच उभा केलेला, त्याआधी किन्हीराजाला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. अजूनही गावाहून येऊन-जाऊन देखभाल करतात. म्हणाले, "बेटा, मही वही पाह्यली का आधी?"
"चाचा, नोंदी आहेत ना मशीनमधी. वही कायले पाह्यजे?"
त्यांची ती हिरवी वही! एकेका मॉड्यूलला एकेक पान, हातानं लिहिलेलं. मला हसू आलं. दाबलं.

१९ जून
केनवडहून बाबांचा फोन. पेरणी झाली. सगळ्या रानात सोयाबीन, बांधाला तूर. "तुहं कसं चालू हाये?" म्हटलं, मस्त.
मस्त कुठलं. करमत नाही. तोच रस्ता, तोच चहा, तीच खुर्ची. पुण्याच्या एका ठिकाणी अर्ज टाकलाय. झाडूबद्दल दोन पानं लिहिली. स्वतःचीच इतकी स्तुती करताना जरा अवघडले.

८ ऑगस्ट
पुण्याहून उत्तर. झाडू त्यांना फार आवडला. साहेबांचं पत्र आणा म्हणतात, मग पक्कं. साहेब म्हणाले, "देतो ना. पण सीझन काढून दे बाप्पा आधी." ठीक. दिवाळीपर्यंत कळ काढायची.

२९ सप्टेंबर, सोम.
कंपनीचा मेडशीचा वजनकाटा सीझनसाठी आज उघडला. सकाळी नऊला काट्यावरच्या गजाननभाऊंचा फोन.
"ताई, काटा वजनच देऊन नाही राह्यला. चिठ्ठीवर भलतंच छापून राह्यला."
फोटो पाठवला. चिठ्ठीवर वजनाच्या जागी चाचांचा प्रोग्रॅम. अख्खा, ओळीनं ओळ. सगळ्यात वर 'रहीम, किन्हीराजा'. खाली एका ठिकाणी त्यांनी स्वतःसाठी लिहिलेलं, 'वजन दोनदा घेणे. बैलगाडी हलते.'
काट्याची चिठ्ठी चाचांच्या पर्ल भाषेतल्या जुन्या प्रोग्रॅमवर बनते आणि तो सीजीआय नावाच्या मॉड्यूलवर चालतो. ते मॉड्यूल नसलं की सर्व्हर प्रोग्रॅम चालवत नाही, नुसता वाचायला पुढे करतो. सीजीआय त्या एकोणिसांत होतं.
जूनमध्ये काट्याला कुलूप होतं. अक्षय्य तृतीयेपासून! चाळीस दिवस कोणी हात लावला नाही, कारण लावायला माल कुठे होता? केनवडच्या शेतकऱ्याची पोरगी मी. सोयाबीन कोणत्या महिन्यात येतं हे मला मशीनच्या नोंदीत बघावं लागलं. नशीब, पासवर्ड वेगळ्या फाईलीत होते, नाहीतर तेही चिठ्ठीवर छापून आले असते.
नोंदी चाळून ते कारण सापडेपर्यंत दुपारचे दोन. सुरू करायला एक मिनिट लागलं. तोवर ट्रॅक्टरांची रांग रोडपर्यंत. तीनला पाऊस आला. रांगेतल्या एका बाईची ट्रॉली भिजली. उघडीच होती.
"काय झालं होतं?" साहेबांनी फोनवर विचारलं.
"बघते," म्हटलं.

३० सप्टें.
साहेबांच्या टेबलावर ती चिठ्ठी.
"नाव कोणाचं हाये यावर? वाच."
"रहीम."
"मंग? म्हातारपणी हात चुकते माणसाचा. सोमवारी बलावतो त्याईले. चाब्या, पासवर्ड तू घेऊन घे. आराम करू दे घरी."
मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाही माहीत नाही. साहेबांना 'हो' दिसलं.
घरी येऊन जेवले नाही. भांडी दोनदा घासली.

२ ऑक्टोबर, दसरा
चाचा एसटीनं आले. दरवर्षी येतात सोनं द्यायला. आपट्याची पानं हातावर ठेवली, मी पाया पडले. चहा घेतला, बशीत ओतून. मग म्हणाले,
"बेटा, साहेबाचा फोन आल्ता. मह्या हातून काय चुकलं ते शोधून देशीन का? तीन दिस झाले, आठवून राह्यलो. फाईलीले तं मी हातच नाही लावला. का लावला? आता आठवत बी नाही राह्यत."
"पाहते चाचा."
"त्या बाईचं सोयाबीन भिजलं म्हंते. मही चूक असन तं मीच जातो तिच्या घरी. पण मालूम तं पाह्यजे ना."
ते आपल्याच डोक्यावर संशय घेऊन बसलेत! आणि मी त्यांना दुसरा चहा विचारला. लाज वाटते लिहायला.

३ ऑक्टो.
झाडूची फाईल उघडली. एक ओळ आहे : १० जून, ११.४२, सीजीआय बंद, रूपाली. ही ओळ माझ्या हुशारीनेच लिहिली जाते. कर्सर तिच्यावर नेऊन ठेवला. एक बटण दाबायचं. कोणी विचारणार नाही, कोणाला कळणारही नाही. पुणे पक्कं.
उठले. पाणी प्यायले. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. बाजूच्या ऑइलमिलचा पट्टा तसाच किरकिरत होता.
नाही उडवली. पण सांगितलंही नाही. याला काय म्हणायचं?

४ ऑक्टो., शनि.
साहेबांनी पत्र टाइप करून त्यांच्या टेबलावर ठेवलंय. सही सोमवारी. त्यात लिहिलंय, 'यांनी जुनी, निरुपयोगी व्यवस्था काढून टाकली.' निरुपयोगी हा शब्द चार वेळा वाचला.
कपाटातली हिरवी वही काढली. चार महिन्यांत पहिल्यांदा. सीजीआयचं पान :
'मेडशी काटा याच्यावर आहे. कुवार (आश्विन) ते चैत लागते. उन्हाळ्यात काम दिसत नाही म्हणून काढू नये.'
अक्षर सुबक. तारीख बारा वर्षांपूर्वीची. एक पान उलटायचं होतं फक्त. चाचांनी तोंडानं सांगितलंही होतं, आणि मी त्यांना मशीन शिकवत बसले.
राग येतोय. स्वतःचाच. कुठे काढू?

६ ऑक्टो., सोम. सकाळ
साडेदहा. साहेब यायचे आहेत. चाचा पावणेदहालाच आले, इस्त्रीचा शर्ट घालून. चाव्यांचा जुडगा टेबलावर नीट काढून ठेवलाय. पासवर्ड एका कागदावर लिहून आणलेत, घडी घालून.
"सापडलं का काही?" आल्या आल्या विचारलं.
"हो," म्हटलं.
झाडूच्या फाईलीतली ओळ छापून घेतली आहे. ती साहेबांच्या टेबलावर ठेवून आले, त्या पत्राच्या वर. मग हिरवी वही घेतली आणि सीजीआयच्या पानावर चाचांच्या अक्षराखाली लिहिलं :
'१० जूनला हे मी बंद केलं. वही वाचली नव्हती. चाचांनी विचारलं होतं. रूपाली.'
"काय लिहून राह्यली बेटा?"
वही त्यांच्याकडे फिरवली. आता हे इथे लिहितेय, कारण हातांना काहीतरी पाहिजे. त्यांच्याकडे बघवत नाही.
चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. लावला.
दोनच ओळी आहेत. एवढा वेळ लागत नाही.
अंगणात साहेबांची गाडी लागली. दार वाजलं.
चाचांनी मान वर केलेली नाही. बोट 'चाचांनी विचारलं होतं' या शब्दांवरच आहे.