खुर्ची नापास

३ जानेवारी
खुर्च्या तपासणं हे माझं काम. प्रत्येकीवर दहा मिनिटं बसायचं, मग पास-नापासाची चिठ्ठी सीटखाली. आज तीन नापास. फोम दगडासारखा. फोम नेहमीचाच आहे म्हणाला मिस्त्री. बोलताना नजर चुकवत होता.
सकाळी संडासात लाल दिसलं. बीट खाल्लं असणार. आठवत नाही, पण कधीतरी खाल्लंच असेल.

१२ जानेवारी
बायकोने डॉक्टरकडे ढकललं. मूळव्याध म्हणे. कोंबाला रबरबँड लावू, दहा मिनिटांचं काम. रबरबँड! दुसरा काही उपाय आहे का, विचारलं. स्टेपलर, लेसर, नाहीतर कापणं. दुकानात माल दाखवावा तसं. तुम्ही स्वतःचं कुठलं करून घ्याल, विचारलं तर हसला. हसणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.
संकल्प: इसबगोल, भरपूर पाणी, रोज तीन किलोमीटर.

२० फेब्रुवारी
चाललो. गेटपर्यंत. सात खुर्च्या नापास. मिस्त्री आता माझ्याकडे बघत असतो, विशेषतः मी उठताना. काहीतरी शिजतंय.

९ मार्च, दुपारी
फोम एकदम मऊ! न विचारता बदलला. म्हणजे आधी खोट होतीच. बाराच्या बारा नापास, कारण 'अति मऊ'. साहेबांकडे मिस्त्रीची लेखी तक्रार. उभ्याने लिहिली.

२ एप्रिल
डॉक्टर म्हणाला, जानेवारीत बँडवर भागलं असतं, आता कापावंच लागेल. हेच त्याला हवं होतं. रजेच्या अर्जात कारण टाकलं: गुडघ्याचं ऑपरेशन.

९ एप्रिल
ऑपरेशन झालं. दुखतंय. फार दुखतंय. मिस्त्री भेटायला आला, त्या बारांतली एक खुर्ची घेऊन. बसलो. किती दिवसांनी सुखाने बसलो! सीटखाली माझ्याच सहीची नापासाची चिठ्ठी.
त्याचंही चार वर्षांपूर्वी कापलंय. माझं उठणं बघून ओळखलं, म्हणून फोम बदलला. साहेबांनी जाब विचारला तेव्हा 'चूक झाली' एवढंच म्हणाला. भाऊ, तुमचं गुपित मी कशाला फोडू, म्हणाला. सोमवारी त्याला काढणार आहेत.
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० एप्रिल, सकाळी ११
साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं, बीटापासून. तक्रार फाडतो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, आणि गुडघा?
म्हटलं, गुडघा ठणठणीत आहे.