मिरचीचा तोडा

महाल, नागपूर
१० फेब्रुवारी १९७४

चि. सौ. मनकर्णा हिस मार्तंडदादाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझा मधुकर रेल्वेच्या डॉक्टरी तपासणीत नापास झाला. म्हणे त्याले लाल अन् हिरवं वेगळं दिसत नाही. माझा विश्वास बसेना, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडून आकडा विचारला. मधुकर म्हणाला, इथं आकडाच नाही. पोरगा घाबरला असेल म्हणून मी वाकून पाहिलं, तर मलेही नुसते ठिपकेच! साड्यांच्या दुकानात जन्म गेला अन् हे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळावं! रंग तुझी वहिनी सांगते, म्हणून निभावलं.

डॉक्टर म्हणाले, हा दोष आईकडून मुलाकडे येतो. आईले मात्र सगळं नीट दिसते. आपल्या मायकडून मले आला. तुझ्यात लपून राहिला अन् मधुकरात निघाला. हरेक मुलाले येईलच असं नाही, निम्मी शक्यता. औषध नाही. इंजिनावरची नोकरी गेली. भाऊजींना जपून सांग. लोभ असू दे.

तुझा,
मार्तंडदादा

भिवापूर
१४ फेब्रुवारी १९७४

ती. दादांस मनकर्णाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र घरात वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, माहेरची खोड आणली. मी धाकट्या लहानूले सुपात लाल-हिरव्या मिरच्या मिसळून निवडायले लावलं. त्यानं भराभर वेगळ्या केल्या. एका पोटची दोन लेकरं, अन् असं काहून, दादा?

पण खरा धक्का यांना बसला. मधुकर आठवीत असताना लाल मिरचीच्या तोड्यात त्यानं अर्ध्या हिरव्याच तोडून आणल्या. मुद्दाम करते म्हणून यांनी त्याले कासऱ्यानं झोडपलं. पोरगा रडत एकच सांगत होता, बाबा, मले सारख्याच दिसतात. आम्ही दोघांनीही ऐकलं नाही. आता हे उद्याच्या मोटारीनं तिकडे येऊन राहिले. त्यांना सांभाळा. वहिनींना नमस्कार, मायेत अंतर नसावं.

तुमची,
मनू

महाल, नागपूर
१७ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. मनकर्णा हिस आशीर्वाद.

भाऊजी सुखरूप पोचले. चहाही न घेता मधुकरसमोर उभे राहिले. म्हणाले, तू खरं सांगत होता रे, अन् मी मारत होतो. मग माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांदेखत ढसाढसा रडले. मधुकरनं त्यांना बसवलं. म्हणाला, बाबा, मले तर ते आठवतही नाही.

मधुकर आता तिकीटबाबूच्या जागेसाठी अर्ज करून राहिला. तिथं ही अट नाही.

एक गोष्ट फक्त तुले लिहितो, भाऊजींना कळू देऊ नको. तो विसरला नाही वं. दिवाळीत पाठीले तेल लावताना मी त्याले वण कशाचा म्हणून विचारलं, तर त्यानं मले महिना अन् वारसुद्धा सांगितला होता.

सगळ्यांवर जीव आहे, तसाच तुमचा असू द्या.

तुझा,
मार्तंडदादा