आईंपासून लपवलेला धूर

प्रिय मंदार,

काल कॉरोनरच्या ऑफिसकडून मृत्यूच्या चौकशीचा शेवटचा कागद आला. अपघाती मृत्यू, असं त्यात लिहिलंय. म्हणजे सरकारच्या लेखी कोणाचीच चूक नाही! वाचून मला हायसं वाटायला हवं होतं. उलट तेव्हापासून तोच कागद पुन्हा पुन्हा वाचतेय, म्हणून तुला लिहायला बसले. हे दुसऱ्या कोणाला सांगू?

तुझ्या त्या धुरावर मांस शिजवायच्या स्मोकरचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. विलायतेत येऊन स्टॅनमोरच्या आपल्या एवढ्याशा गार्डनमध्ये ते लोखंडी धूड! एका बाजूला लाकडं जाळायची पेटी, शेजारी मांस ठेवायचं आडवं पिंप. स्वस्तातला घेतलास, तो चहूकडून धूर सोडायला लागला, मग हात धुऊन त्याच्या मागे लागलास. झाकणाच्या कडेला न जळणारी दोरी चिकटवलीस. पेटीजवळचं मांस करपू नये म्हणून आत पत्रा बसवलास. धुराडं आतून खाली मांसाच्या जाळीपर्यंत आणलंस. "अनघा, आता बघ, हीट एकदम इव्हन होणार!" म्हणत काळे हात माझ्या नव्या टॉवेलला पुसलेस. किती बोलले मी तुला त्या टॉवेलवरून! आठवलं की लाज वाटते.

मग पुण्याहून तुझ्या आई आल्या. चातुर्मास सुरू, कांदा-लसूणसुद्धा बंद. आणि त्यांच्या लेखी त्यांचा मुलगा अंड्यालाही शिवत नव्हता. चाळिशीचा घोडा झालास, ऑफिसात दोन टीम सांभाळायचास, पण "आई, मी मटण खातो" एवढं तुझ्या तोंडून निघेना. का रे? त्या काय तुला फासावर देणार होत्या? अर्थात मी तरी कुठे तुला बळ दिलं? मीही त्यांच्यासमोर सोवळी होऊन बसले होते.

त्या शनिवारी ऑफिसातल्या मित्रांना तू मटण कबूल केलं होतंस. नवा पत्रा कसा काम करतो तेही तुला बघायचं होतं. बाहेर पाऊस, म्हणून स्मोकर ढकलत शेडमध्ये नेलास. दार उघडं ठेवलं होतंस, मंदार. तुला तेवढी अक्कल होती. मीच तणतणत आले. "किचनपर्यंत वास येतोय. आईंनी विचारलं तर काय सांगू? दार लाव आधी."

तू म्हणालास, "अगं, फाइव्ह मिनिट्स. लाकूड टाकतो आणि आत येतो."

"आधी दार लाव!"

आणि तू निमूटपणे लावलंस. एरवी माझं एक ऐकायचा नाहीस, तेव्हाच कसं ऐकलंस?

वासाला भ्यालो आपण. जीव घेतला तो कार्बन मोनॉक्साइडने, आणि त्याला वासच नसतो, हे मला नंतर पोलिसांनी सांगितलं. आई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी कळेना. "काय म्हणतायत गं ते?" म्हणून त्यांनी माझा दंड घट्ट धरला. मी म्हटलं, "हृदय बंद पडलं." आईंनी स्मोकरकडे बोट दाखवलं तेव्हा म्हटलं, "जुना बंब आहे, दुरुस्त करत होता." त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास होता ना त्यांचा!

आता दर रविवारी त्यांचा पुण्याहून फोन येतो. "मीच त्याला लहानपणापासून वाटी वाटी तूप चारलं गं. तेच त्याच्या हृदयाला बाधलं." मी "नाही हो आई" म्हणते आणि विषय बदलते. किती नीच आहे मी!

आणखी एक आहे, ते कॉरोनरलाही ठाऊक नाही. तू दार लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आईंनी तुझ्यासाठी आल्याचा चहा केला. "मंदार मागेच आहे ना? देऊन येते." पायात माझ्या चपला सरकवून, कप घेऊन त्या मागच्या दारापर्यंत गेल्या होत्या. मी धावत जाऊन अडवलं. "आई, त्याचा ऑफिसचा कॉल चाललाय. आत्ता नका जाऊ." त्यांनी कपावर बशी झाकली आणि तुझी वाट बघत बसल्या. मी शेडमध्ये गेले ती तासाभराने.

चहाच्या वेळी तू जिवंत होतास का रे? डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी पुण्याला जातेय. हे फोनवर सांगायचं नाही. मटणाचंही सांगणार आहे, तिथे तुझी गय करणार नाही. त्या मला घराबाहेर काढतील, जन्मभर माझं तोंड बघणार नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. पण मुलाला आपण मारलं, असं समजत त्यांनी उरलेली वर्षं काढायची नाहीत. तुला वचन देते, दारात पाऊल टाकल्यावर माझं पहिलं वाक्य हेच असेल: "आई, तुम्ही त्याच्याकडे निघाला होतात. मी तुम्हाला अडवलं."

तुझीच,
अनघा